गुलाबी बोंडअळीची शेवटची पिढी: ऑक्टोबर ते जुलै या काळात कपाशीच्या शेतात करायची कामे

दसरा-दिवाळी आटोपते, पहिल्या दोन वेचण्यांचा कापूस घरात येतो आणि आपले लक्ष पिकावरून बाजारभावाकडे वळते. नेमक्या याच दिवसांत, म्हणजे ऑक्टोबरच्या मध्यापासून डिसेंबरच्या अखेरीपर्यंत, पुढच्या वर्षी गुलाबी बोंडअळी किती येणार हे उभ्या पऱ्हाटीत, म्हणजे वेचणी होत आलेल्या कपाशीच्या झाडांत, ठरत असते. जुलै-ऑगस्टमध्ये पहिली डोमकळी, म्हणजे अळीमुळे मिटून राहिलेले फूल, दिसली की आपण धावपळ करतो. ती डोमकळी करणाऱ्या अळीची आई मात्र मागच्या हिवाळ्यात आपल्याच शिवारातील एखाद्या सुकलेल्या बोंडात सरकीच्या दोन दाण्यांच्या मध्ये झोपून होती. ती तिथे का झोपली, किती जणी झोपल्या आणि उठल्यावर त्यांना अंडी घालायला जागा कुठे मिळाली, या तीन प्रश्नांची उत्तरे शेतकऱ्याच्या हातात असतात. हा लेख त्या तीन प्रश्नांच्या क्रमाने लिहिला आहे.

अंडी घालायची की हिवाळा काढायचा

कोणत्याही किडीच्या शरीरात साठवणीची चरबी मर्यादित असते. ती अंडी तयार करण्यात खर्ची पडली तर उपाशीपोटी महिने काढण्यासाठी उरत नाही, आणि उपवासासाठी राखून ठेवली तर त्या काळात अंडी होत नाहीत. हा हिशेब प्रत्येक कीड आपापल्या परीने सोडवते. रब्बी ज्वारीवरचा मावा आपल्याकडच्या सौम्य थंडीत थांबतच नाही. त्याच्या माद्या नराशिवाय थेट जिवंत पिल्ले देत राहतात, म्हणून डिसेंबर-जानेवारीत पाने चिकट झालेली दिसतात. हुमणी याच्या उलट वागते. तिचे भुंगेरे हिवाळ्याच्या सुमारास जमिनीत तयार होऊनही बाहेर पडत नाहीत. वळवाचा पाऊस पडून गेल्यावर संध्याकाळी ते कडुनिंब-बाभळीवर जमतात, आणि मीलन व अंडी हे सारे त्यानंतर होते. थंड देशांत हा प्रकार अधिक ठळकपणे दिसतो. उत्तर अमेरिका आणि युरोपातील बटाट्याच्या पिकावरील कोलोरॅडो भुंगेऱ्यात दिवस लहान होऊ लागताच मादीची अंडाशये वाढायची थांबतात, उडण्याचे स्नायूसुद्धा आक्रसतात आणि सगळे अन्न चरबीच्या रूपाने साठवले जाते. अंडी घालणे थांबवल्याशिवाय त्या मादीला बर्फाखालचा हिवाळा निभावता येत नाही.

गुलाबी बोंडअळीने हा हिशेब दोन पिढ्यांत वाटून घेतला आहे, आणि म्हणूनच ती आपल्याला इतकी जड जाते. तिचा पतंग हिवाळा काढत नाही. तो जेमतेम एक ते दोन आठवडे जगतो आणि त्या अवधीत मादी साधारण १०० ते २०० अंडी घालते. हिवाळा काढते ती त्या अंड्यांतून निघालेली, पूर्ण वाढलेली अळी. म्हणजे ऑक्टोबर-नोव्हेंबरमधील मादीने अंडी घालणे हीच तिच्या वंशाची हिवाळ्याची तरतूद असते. तिला त्या वेळी हिरवी बोंडे मिळाली तर तिची पिलावळ उन्हाळा पार करून पुढच्या जूनपर्यंत पोहोचते. बोंडे मिळाली नाहीत तर तिचा वंश तिथेच संपतो. इतर अनेक किडींमध्ये प्रजनन आणि हिवाळी तग यांचा झगडा एकाच शरीरात चालतो, तर इथे उशिराचे प्रजनन हाच हिवाळी तगीचा पाया आहे.

झोपणारी अळी कशी घडते

अंड्यातून निघाल्यावर अळी काही वेळातच पात्यात, म्हणजे फुलाच्या कोवळ्या कळीत, किंवा बोंडात शिरते. आत जाण्याचे छिद्र इतके बारीक असते की ते लवकरच भरून येते आणि बोंड वरून धडधाकट दिसते. हंगामाच्या मधल्या काळात, उबदार हवेत, ती साधारण दोन आठवड्यांत चार अवस्था पूर्ण करते, बोंडाला गोल छिद्र पाडून बाहेर येते, जमिनीवर किंवा पालापाचोळ्यात सैलसर कोष विणते आणि आठ-दहा दिवसांत पतंग होते. शास्त्रज्ञ हिला छोट्या चक्राची अळी म्हणतात.

सप्टेंबर सरता सरता परिस्थिती बदलते. नागपूरच्या अक्षांशावर २१ जूनला सुमारे १३ तास २५ मिनिटांचा असलेला दिवस सप्टेंबरच्या अखेरीस १२ तासांवर येतो आणि डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात १० तास ५० मिनिटांपर्यंत उतरतो. रात्री थंड होतात. त्याच वेळी अळीला मिळणारे अन्नही बदलते: कोवळ्या, पाणीदार बियांऐवजी तिला तेलाने भरलेली, पक्की होत आलेली सरकी खायला मिळते. लहान दिवस, थंड रात्र आणि तेलकट बी या तीन खुणा एकत्र आल्या की अळीचे शरीर कोषाकडे न वळता थांबते. ती पोटभर खाऊन चरबी साठवते, एका सरकीच्या दाण्याला पोखरून त्याच्या शेजारचा दाणा रेशमी धाग्यांनी त्याला जोडून घेते आणि मधल्या पोकळीत घट्ट, गोलसर आवरण विणून आत वळून बसते. ही लांब चक्राची, म्हणजेच सुप्तावस्थेतील अळी.

हे वाचून सोडून देण्यासारखे नाही, एकदा स्वतः पाहावे. जानेवारीत बांधावरच्या पऱ्हाटीच्या ढिगातून अर्धवट उमललेले, काळपट, कडक झालेले बोंड उचला आणि नखाने त्याची फाक वेगळी करा. कवडीसारखा चिकटलेला पिवळसर कापूस ओढून काढल्यावर सरकीचे दाणे मोकळे होतात. त्यातले दोन दाणे मात्र एकमेकांना सोडत नाहीत. ते हलक्या हाताने फोडले की आत बोटाच्या पेरापेक्षाही लहान, साधारण एक सेंटिमीटरची, गुलाबी पट्ट्यांची, तपकिरी डोक्याची अळी इंग्रजी ‘सी’ अक्षरासारखी वळलेली दिसते. प्रथम ती मेलेलीच वाटते. तळहातावर मिनिटभर ठेवली की ती सावकाश डोके हलवते. वऱ्हाडात इतकी वर्षे कपाशी केल्यावरही, हा जुळा दाणा पहिल्यांदा स्वतःच्या हाताने फोडला तेव्हाच मला ढिगाचा अर्थ कळला; त्याआधी तो माझ्यासाठी फक्त चुलीचे जळण होता.

या झोपेनेच तिला जगभर नेले, हेही लक्षात ठेवण्याजोगे आहे. या किडीची शास्त्रीय नोंद १८४३ साली डब्ल्यू. डब्ल्यू. सॉन्डर्स यांनी केली, ती गुजरातमधील भडोचच्या कपाशीवरून आलेल्या नमुन्यांवरून. पुढे विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ती इजिप्तमध्ये पोहोचली, तिथून १९११ च्या सुमारास बियाण्यातून मेक्सिकोत गेली आणि १९१७ मध्ये अमेरिकेच्या टेक्सास राज्यात आढळली. दोन आठवडे जगणारा पतंग समुद्र ओलांडू शकत नाही, पण सरकीत झोपलेली अळी पोत्यातून सहज ओलांडते.

पहिले काम: ऑक्टोबरमध्ये मोजणी

कृतीची सुरुवात मोजणीने करावी, कारण शेवटच्या पिढीचा आकार माहीत नसेल तर पीक कधी संपवायचे हा निर्णय भावनेवर होतो. एकरी दोन कामगंध सापळे, म्हणजे मादीच्या गंधाच्या गोळीने नर पतंगांना ओढणारे सापळे, झाडाच्या शेंड्यापेक्षा साधारण एक फूट उंच लावावेत आणि त्यांतील गोळी कंपनीने दिलेल्या मुदतीत बदलावी. सापळ्यात फक्त नर येतात, त्यामुळे तो आकडा शेतातील एकूण पतंगांचा नसतो. मीलनाचा जोर कधी वाढतो हे मात्र त्यावरून कळते. सलग तीन रात्री प्रत्येक सापळ्यात सरासरी ८ पतंग सापडले तर उपाययोजनेची वेळ झाली असे समजावे.

सापळ्यापेक्षा मी बोंडे फोडण्यावर अधिक विश्वास ठेवतो. शेतात तिरपे चालत वेगवेगळ्या झाडांवरून १० ते १५ दिवसांची, दाबली की किंचित नरम लागणारी २० हिरवी बोंडे तोडावीत आणि एकेक फोडून पाहावे. वीसपैकी दोन बोंडांत जिवंत पांढरी किंवा गुलाबी अळी असेल तर नुकसान आर्थिक पातळीला पोहोचले आहे. ही मोजणी दर आठवड्याला त्याच दिवशी करून वहीत लिहावी. ऑक्टोबरच्या मध्यापासून हा आकडा चढता राहिला तर झाडावर दिसणारी उशिराची हिरवी बोंडे पुढच्या हंगामाचा पाळणा होणार आहेत हे ओळखावे, आणि ती कितीही आशादायक दिसली तरी त्यांच्यासाठी पाणी-खत देण्याचा मोह टाळावा.

या काळात फवारणीचा उपयोग मर्यादित आहे, कारण बोंडाच्या आत गेलेल्या अळीपर्यंत औषध पोहोचत नाही. फवारायचेच असेल तर आपल्या जिल्ह्याच्या कृषी विज्ञान केंद्राच्या शिफारशीनुसार एकाच घटकाचे औषध घ्यावे, दोन-तीन औषधांची मिसळ करू नये, आणि तोंडावर कापड, हातमोजे, पूर्ण बाह्यांचे कपडे यांशिवाय पंप पाठीला लावू नये. २०१७ च्या हंगामात यवतमाळ जिल्ह्यात फवारणीतील विषबाधेने जे मृत्यू झाले, ते उंच वाढलेल्या, दाट कपाशीत बोंडअळीच्या धास्तीने चाललेल्या फवारणीच्या काळातलेच होते. एका पिकासाठी एवढी किंमत कोणत्याही घराने मोजू नये.

दुसरे काम: फरदड न घेण्याचा निर्णय

या लेखातील सर्वांत महत्त्वाचा आणि सर्वांत अवघड मुद्दा हाच आहे. ओलिताची सोय असलेला शेतकरी डिसेंबरनंतर एक-दोन पाणी देऊन मार्चपर्यंत फरदड, म्हणजे त्याच जुन्या झाडांवरचे पुढचे पीक, घेतो. एकरी आणखी दोन-तीन क्विंटल कापूस मिळतो, मशागत नाही, बियाणे नाही, त्यामुळे तो फायदा फुकटचा वाटतो. पण किडीच्या बाजूने पाहिले तर फरदडीत एकाच वेळी दोन गोष्टी घडतात. आपल्या हिवाळ्यात दुपारी हवा उबदार असते, त्यामुळे ज्या अळ्या झोपल्या नाहीत त्यांचे पतंग होऊन प्रजनन चालू राहते, थंडीमुळे पिढी फक्त लांबते. आणि त्याच शेतात तेलकट सरकीवर वाढलेल्या अळ्या मोठ्या संख्येने सुप्तावस्थेत जात राहतात. म्हणजे फरदडीचे शेत किडीला चालू उत्पन्न आणि बचत ही दोन्ही देते.

साधा हिशेब मांडू. समजा नोव्हेंबरच्या अखेरीस एका एकरात शंभर माद्या आहेत आणि प्रत्येकीने १५० अंडी घातली, तर पंधरा हजार अंडी झाली. त्यांतील शेकडा पाचच अळ्या जगून सुप्तावस्थेत गेल्या असे धरले, तरी साडेसातशे अळ्या त्या एका एकरात उन्हाळ्याची वाट पाहत बसतात. हिरवी बोंडे नसती तर हा आकडा शून्याजवळ गेला असता. त्या माद्यांना मारण्यासाठी काहीही करावे लागले नसते, कारण त्या दोन आठवड्यांत आपोआप मेल्या असत्या.

बीटी कपाशीमुळे, म्हणजे बोंडअळीला मारणारे विष झाडातच तयार व्हावे म्हणून जिवाणूचे जनुक घातलेल्या कपाशीमुळे, हा धोका आणखी वाढला आहे. भारतात २००२ मध्ये एका जनुकाची आणि २००६ मध्ये दोन जनुकांची बीटी कपाशी आली. पहिल्या जनुकाला प्रतिकारक बोंडअळी २००९-१० च्या सुमारास गुजरातमध्ये आढळली आणि २०१४-१५ पर्यंत दुसऱ्यालाही प्रतिकार तयार झाल्याचे दिसले. आपण जवळजवळ सगळीकडे संकरित वाण लावतो. संकरित झाडाच्या बोंडातील सरकी ही पुढच्या पिढीची असल्याने तिच्यातील काही दाण्यांत दोन्ही विषे असतात, काहींत एकच विष असते, काहींत अजिबात नसते. अशा बोंडात थोडाफार प्रतिकार असलेल्या अळीला जगून पिढी वाढवायची संधी मिळते. सहा-आठ महिने शेतात उभे राहणारे संकरित पीक ही संधी जितकी लांबवते, तितका प्रतिकार पक्का होतो. ॲरिझोनातील संशोधकांनी २००१ मध्ये मांडले होते की बीटीला प्रतिकारक बोंडअळ्या हिवाळ्यातून संवेदनशील अळ्यांपेक्षा बऱ्याच कमी संख्येने बाहेर पडतात, म्हणजे प्रतिकाराची किंमत त्यांना हिवाळ्यात मोजावी लागते. फरदड ठेवून आपण त्यांचा हिवाळाच रद्द करतो, आणि ती किंमत त्यांना माफ होते.

म्हणून नोव्हेंबरच्या अखेरीस शेवटचे पाणी थांबवावे आणि डिसेंबर संपण्यापूर्वी उलंगवाडी करावी, म्हणजे शेवटची वेचणी करून पीक संपवावे. ज्यांच्याकडे पाणी आहे त्यांनी त्या शेतात उन्हाळी तीळ, मूग किंवा भुईमूग घेऊन फरदडीचे उत्पन्न भरून काढण्याचा विचार करावा. यंदा नाइलाज आहे म्हणून फक्त अर्धा एकर फरदड ठेवतो, असे म्हणणारे दहा जण एका शिवारात असले तर ते पाच एकर होतात, आणि पतंगांना बांध कळत नाही.

तिसरे काम: बोंडे आणि पऱ्हाटी वेगळी करणे

सुप्त अळी लाकडात नसते. ती बोंडात आणि सरकीत असते. एवढे लक्षात घेतले की पऱ्हाटी जाळायची की ठेवायची हा वाद बराचसा मिटतो. शेवटच्या वेचणीनंतर शेतात दहा-पंधरा दिवस शेळ्या-मेंढ्या बसवाव्यात. आपल्याकडे धनगरांचे कळप याच दिवसांत फिरत असतात. त्या जनावरांनी झाडावरची न उमललेली बोंडे आणि पाने खाल्ली की अळ्याही संपतात आणि शेताला खतही मिळते. फवारणी होऊन पुरेसे दिवस उलटले आहेत याची खात्री मात्र आधी करावी, नाहीतर जनावरांना विषबाधा होईल.

त्यानंतर चिमट्याने पऱ्हाटी मुळासकट उपटावी किंवा श्रेडरने तिचा बारीक भुसा करून शेतात मिसळावा. श्रेडर एकट्याने घेणे परवडत नाही, पण गावातील अवजार बँकेतून किंवा चार-पाच जणांनी मिळून भाड्याने आणता येतो. भुशाचे कंपोस्ट करायचे असेल तर ढीग ओला ठेवून दोनदा उलथावा, म्हणजे आतली उष्णता सगळ्या थरांना लागते. शेतात पऱ्हाटी पेटवून देणे मला पटत नाही. जमिनीत जायचे सेंद्रिय द्रव्य धुरात जाते, आणि खाली पडलेल्या बोंडांपर्यंत आच पोहोचेलच असे नसते.

ज्या घरात चुलीसाठी किंवा कुंपणासाठी पऱ्हाटी हवीच असते, तिथे ढीग रचण्यापूर्वी फांद्यांवरची सुकलेली बोंडे झोडपून किंवा ओरबाडून काढावीत आणि ती एका खड्ड्यात टाकून वर हातभर माती लोटावी. हे काम बहुतेक घरांत बायकांच्या वाट्याला येते, म्हणून गावातील बैठकीत त्यांनाच आधी जुळा दाणा फोडून दाखवावा. उरलेले जळण एप्रिलपूर्वी वापरून संपवण्याचा प्रयत्न करावा. बांधावर पुढच्या पावसाळ्यापर्यंत राहिलेला ढीग हा शेजारच्या दहा शेतांसाठी पतंगांचा कारखाना असतो.

चौथे काम: नांगरट

जमिनीवर आणि भेगांत पडलेली बोंडे व सुटी सरकी यांसाठी जानेवारी-फेब्रुवारीतील खोल नांगरट हा स्वस्त उपाय आहे. खाली गाडली गेलेली अळी पतंग झाली तरी वर येऊ शकत नाही, आणि वर उघडी पडलेली अळी पक्ष्यांच्या तोंडी किंवा उन्हाच्या हवाली जाते. जमिनीत ओल असेल तर गाडलेल्या अळ्यांची मर आणखी वाढते. अमेरिकेच्या नैऋत्य भागातील कपाशीच्या पट्ट्यात म्हणूनच नांगरटीनंतर हिवाळी पाणी देण्याची पद्धत उपयोगी ठरली. आपल्या कोरडवाहू काळ्या जमिनीत पाण्याची चैन नाही, पण नांगरट पुढे ढकलून मे महिन्यात करण्याऐवजी हिवाळ्यातच केली तर उरलेल्या अळ्यांना उठण्यापूर्वी गाठता येते.

त्याच ॲरिझोना-कॅलिफोर्निया भागात ठरावीक तारखेच्या आत पऱ्हाटी गाडणे शेतकऱ्यांवर बंधनकारक होते. त्याच्या जोडीला बीटी कपाशी, कामगंधाने मीलनात अडथळा आणि अब्जावधी वंध्य पतंग सोडणे असे सर्व उपाय सगळ्यांनी मिळून वर्षानुवर्षे राबवले, आणि २०१८ मध्ये तिथल्या कपाशीतून गुलाबी बोंडअळीचे उच्चाटन झाल्याचे जाहीर झाले. आपल्याकडे धारणा लहान, शेतकरी लाखो आणि हिवाळा सौम्य, त्यामुळे तो नमुना जसाच्या तसा इथे चालणार नाही. तारखेचे बंधन मात्र ग्रामसभा स्वतःवर घालून घेऊ शकते.

पाचवे काम: घर, गोदाम आणि जिनिंग

भाव वाढेल म्हणून घरात ठेवलेल्या कापसात सरकी असते आणि सरकीत अळी असते. उशिराच्या वेचणीचा कवडी, म्हणजे किडलेला, चिकटलेला कापूस चांगल्या कापसात मिसळू नये; तो वेगळा ठेवून शक्य तितक्या लवकर विकावा. मार्चनंतरही घरात कापूस असेल तर खोलीच्या दारा-खिडक्यांना बारीक जाळी लावावी आणि आत एक कामगंध सापळा टांगावा. जिनिंगच्या, म्हणजे कापसातून सरकी वेगळी करणाऱ्या कारखान्याच्या, आवारात सरकीचे ढीग उन्हाळाभर पडून असतात. तिथे जानेवारीपासून पावसाळ्यापर्यंत सापळे लावलेले असावेत, यासाठी परिसरातील शेतकऱ्यांनी मालकांकडे आग्रह धरावा. एका उन्हाळ्यात आमच्या शिवाराजवळच्या एका जिनिंगभोवतीच्या शेतांत पहिली डोमकळी बाकीच्या गावापेक्षा लक्षणीय आधी दिसली, तेव्हा हा संबंध मला डोळ्यांनी दिसला.

सहावे काम: उठलेल्या पतंगांना पाते मिळू न देणे

मार्चनंतर दिवस मोठे होतात, तापमान चढते आणि पुढे वळवाच्या पावसाने ओल मिळते, तेव्हा सुप्त अळ्या कोषात जाऊन पतंग बनू लागतात. सगळ्या एकदम उठत नाहीत. कोणी एप्रिलमध्ये, कोणी जूनमध्ये, काही जुलैमध्येसुद्धा, आणि थोड्या तर एक वर्ष ओलांडून पुढच्या वर्षी. हे विखुरलेले उठणे म्हणजे किडीने घेतलेला विमा आहे, कारण पाऊस कधी येईल हे तिलाही ठाऊक नसते.

उठलेल्या मादीकडे मोजके दिवस असतात. मीलन झाल्यावर तिला अंडी घालायची आहेत, आणि अंड्यातून निघालेल्या अळीला कपाशीचे पाते, फूल किंवा बोंड यांपैकी काहीतरी लागते. पानावर ती वाढू शकत नाही. शेतात पाते नसेल तर मादी अंडी घालूनही निर्वंश होते. कीटकशास्त्रात याला आत्मघाती उद्भव म्हणतात. हिवाळा यशस्वीपणे काढलेली अळी प्रजननाच्या टप्प्यावर हरते, आणि तिला हरवण्यासाठी आपल्याला एक रुपयाही खर्च करावा लागत नाही. फक्त पेरणीची तारीख सांभाळावी लागते.

कपाशीला पेरणीनंतर साधारण ३५ ते ४५ दिवसांनी पाते लागतात. २० मेच्या आसपास ठिबकवर लावलेल्या पूर्वहंगामी कपाशीला जूनच्या अखेरीस पाते येतात आणि त्या वेळी बाहेर पडणाऱ्या पतंगांना ती आयती सापडतात. हीच लागवड जूनच्या मध्यावर, पुरेसा म्हणजे ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्यावर केली तर पाते जुलैच्या अखेरीस येतात, आणि तोपर्यंत बहुतेक पतंग मरून गेलेले असतात. खानदेशात मे लागवडीची परंपरा आहे, लवकर उत्पन्न आणि वेळेवर रान रिकामे होणे हे तिचे खरे फायदे आहेत, आणि ते मी नाकारत नाही. पण गावात चारच शेते मे महिन्यातील असतील तर उठलेले सगळे पतंग त्या चार शेतांत जमतात, तिथे पहिली पिढी वाढवतात आणि ऑगस्टमध्ये उरलेल्या गावावर येतात. हंगामपूर्व लागवड होऊ नये म्हणून राज्यात काही हंगामांत बियाणे विक्रीच्या तारखांवर बंधने आली, ती याच कारणासाठी. सोबत १५० ते १६० दिवसांत तयार होणारा वाण निवडला तर डिसेंबरपूर्वी रान रिकामे करणेही सोपे जाते, आणि पहिल्या कामापासूनचा ताण कमी होतो.

सातवे काम: जुलै-ऑगस्टमधील राखण

एवढे करूनही काही पतंग निभावतात. पेरणीनंतर ४५ दिवसांपासून शेतात फिरून गुलाबाच्या कळीसारखी मिटून राहिलेली फुले, म्हणजे डोमकळ्या, तोडून पिशवीत जमा कराव्यात आणि बाहेर नेऊन नष्ट कराव्यात. शेतात टाकू नयेत, कारण अळी आत जिवंत असते. याच सुमारास पाच टक्के निंबोळी अर्काची फवारणी आणि अंड्यांवर जगणाऱ्या ट्रायकोग्रामा मित्रकीटकांची कार्डे लावणे, ही दोन कामे करावीत. मीलनातच अडथळा आणणाऱ्या कामगंध दोऱ्या सलग मोठ्या क्षेत्रावर बांधल्या तरच उपयोगी पडतात, म्हणून त्या शेजाऱ्यांसोबत मिळून घ्याव्यात.

वर्षभर ठेवायची बरणी

शेवटी एक प्रयोग सुचवतो, जो शाळकरी मुलेही करू शकतील. जानेवारीत आपल्या शेतातील आणि बांधावरच्या ढिगातील १०० सुकलेली बोंडे गोळा करावीत. पन्नास बोंडे फोडून जिवंत अळ्या मोजाव्यात आणि आकडा वहीत लिहावा. उरलेली पन्नास एका मोठ्या काचेच्या बरणीत घालून तोंडाला मलमलचे दुहेरी कापड घट्ट बांधावे आणि बरणी ओसरीत सावलीला, पण घराबाहेरच्या हवेत ठेवावी. मार्चपासून रोज सकाळी पाहावे आणि दिसलेले पतंग तारखेसह नोंदवून तिथेच मारावेत. जूनमध्ये ती वही उघडून पाहिली की आपल्या गावात पतंग कोणत्या आठवड्यांत जास्त उठले ते कळते. त्या आठवड्यांपुढे पंधरा दिवस धरावेत आणि येणाऱ्या तारखेतून चाळीस दिवस वजा करावेत. त्या दिवसापूर्वी कपाशी टोबू नये. पुढच्या जानेवारीत पुन्हा पन्नास बोंडे फोडावीत आणि गेल्या वर्षीच्या आकड्याशेजारी नवा आकडा लिहावा.